हळदीच्या पुडीतले तीन पिवळे: टीएलसीची पहिली प्लेट

औषधी वनस्पतींचं काम नव्याने सुरू करणाऱ्या बीएस्सीच्या, फार्मसीच्या किंवा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला टीएलसीसाठी, म्हणजे अर्कातली द्रव्यं प्लेटवर सुटी करून ओळखण्याच्या पद्धतीसाठी, बहुतेक वेळा अश्वगंधा, शतावरी, गुळवेल असं एखादं भारदस्त नाव दिलं जातं. त्यातली बहुतेक द्रव्यं रंगहीन. रंग आणणारा फवारा मारल्याशिवाय काही दिसत नाही, आणि मारूनही दिसलं नाही तर चूक अर्कात झाली, ठिपक्यात झाली की फवाऱ्यात, हे शोधायला जागाच उरत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पहिली प्लेट हळदीची चालवावी. तिची मुख्य द्रव्यं मुळातच पिवळी असतात, ती डोळ्यांदेखत एकमेकांपासून सुटी होतात आणि तुमची प्रत्येक चूकही पिवळ्या रंगात समोर येते.

हा लेख त्या पहिल्या प्लेटचा आहे. शेवटी अडुळशाकडे वळू, कारण तिथे हळदीवर शिकलेलं बरंच काही बदलावं लागतं.

प्लेटवर काय घडतं

टीएलसी म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा काचेवर सिलिका जेलचा थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. तळाशी अर्काचा ठिपका द्यायचा आणि प्लेटचं खालचं टोक द्रावकात उभं करायचं. टीपकागदात पाणी चढावं तसं द्रावक वर चढतं आणि जाताना ठिपक्यातली द्रव्यं सोबत नेतं. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. ज्या द्रव्याला त्यांना धरून बसायला आवडतं ते मागे पडतं, ज्याला द्रावकच जास्त मानवतं ते पुढे जातं.

या पद्धतीचा जन्मच औषधी वनस्पतींच्या कामातून झाला. १९३८ साली युक्रेनमधल्या खार्कीव्हमध्ये इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी काचपट्टीवर ॲल्युमिनाचा पातळ थर देऊन त्यावर वनस्पतींच्या टिंक्चरचे थेंब टाकले आणि अतिनील प्रकाशात उमटलेली वर्तुळं पाहिली. पुढे १९५०च्या दशकात जर्मनीत एगॉन श्टाल यांनी सिलिका, थराची जाडी, उपकरणं हे सगळं ठरावीक केलं, तेव्हा ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. आज आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, अनेक वनस्पतींची ओळख पटवायला टीएलसी सांगितलेली आहे.

आधी हळद कोणती ते ठरवा

तीन नमुने घ्या. एक, तुम्हाला खात्री असलेली हळकुंडं: शेतकऱ्याकडून थेट आणलेली, किंवा सांगलीच्या बाजारातली अख्खी राजापुरी. विदर्भात असाल तर वायगावची मिळवा. दोन, दुकानातली सुटी हळद पूड. तीन, शुद्ध कुर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या मुख्य पिवळ्या द्रव्याचा, प्रमाण नमुना, ज्याला प्रयोगशाळेत सगळे 'स्टँडर्ड' म्हणतात.

पूड कधीही एकटी तपासू नका. प्लेट काही मोजून सांगत नाही, ती फक्त शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींची तुलना करून दाखवते. शेजारी खात्रीचं काही नसेल तर उमटलेल्या ठिपक्यांना अर्थ नाही. हळदीच्या बाबतीत हळकुंड ओळखणं सोपं आहे. पानं, साली, मुळ्या यांच्या बाबतीत ते सोपं नसतं. तिथे फुलाफांदीसकट नमुना दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, दाखवावा लागतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, ही त्यासाठी जाण्याची ठिकाणं. वनस्पतीची ओळख पक्की नसताना केलेली टीएलसी म्हणजे छान रंगीत, पण निरुपयोगी प्लेट.

सामान

सिलिका जेल ६० एफ२५४ची ॲल्युमिनियम-बॅक्ड प्लेट घ्या. 'एफ२५४' म्हणजे थरात असं एक द्रव्य मिसळलंय जे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात हिरवं चमकतं, आणि तुमचे ठिपके त्यावर काळपट दिसतात. या प्लेटा २० × २० सेंटिमीटरच्या येतात. कात्रीने नाहीतर कटरने ५ × १० सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. कापताना सिलिकाची बाजू वर ठेवा आणि धारेवरची सुटी पावडर हलकेच झटका, नाहीतर द्रावक कडेने वाकडं चढतं.

बाकी यादी छोटी आहे: काचेच्या केशनळ्या, झाकणाची उंच काचेची बरणी किंवा ५०० मिलीचा उंच बीकर आणि वर ठेवायला वॉच ग्लास, फिल्टर पेपर, शिसपेन्सिल, पट्टी, चिमटा, मेथनॉल, क्लोरोफॉर्म, थोडं ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि अतिनील दिव्याचं कॅबिनेट. 'टीएलसी चेंबर' म्हणून विकली जाणारी महागडी काचपेटी पहिल्या महिन्यात लागत नाही.

क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करायचं. हूड नसेल तर ही प्लेट करू नका. उघड्या टेबलावर, पंखा लावून क्लोरोफॉर्म ओतण्याची सवय अजून काही ठिकाणी दिसते, ती उचलू नका. वापरलेलं द्रावक सिंकमध्ये जाता कामा नये. क्लोरीनयुक्त कचऱ्याची वेगळी बाटली असते, त्यात टाका.

अर्क: कमी म्हणजे किती कमी

हळकुंड खलबत्त्यात फोडून मिक्सरमधून काढा आणि चाळून घ्या. १ ग्रॅम पूड, १० मिली मेथनॉल. बंद कुपीत दहा मिनिटं हलवा, किंवा कोमट पाण्यात ठेवून अधूनमधून हलवा. मेथनॉलला आग दाखवायची नाही. नंतर फिल्टर पेपरमधून गाळा.

आता जरा हिशेब करू. हळदीत कुर्क्युमिनॉइड द्रव्यं, म्हणजे कुर्क्युमिन आणि त्याची भावंडं, वजनाच्या २ ते ५ टक्के असतात. ३ टक्के धरले तर १ ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या अर्काच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये ३ मायक्रोग्रॅम. केशनळीने सहज ५ मायक्रोलिटर उतरतात, म्हणजे एका ठिपक्यात १५ मायक्रोग्रॅम. हे फार झालं. एवढा माल सिलिकावर टाकला की तीन ठिपके सुटे होण्याऐवजी एक लांबलचक पिवळी जीभ उमटते आणि नवशिका म्हणतो, द्रावक चुकलं. द्रावक बरोबर असतं, अर्क घट्ट असतो. यातला १ मिली अर्क घ्या आणि मेथनॉलने ५ मिलीपर्यंत न्या. अर्क फिकट पिवळा दिसेल आणि 'यात काही येईल का?' असं वाटेल. येतं.

स्टँडर्ड १ मिलीत १ मिलिग्रॅम असं मेथनॉलमध्ये बनवा. कुर्क्युमिन उजेडात हळूहळू खराब होतं, म्हणून तपकिरी कुपी वापरा किंवा साध्या कुपीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

प्लेटची आखणी आणि ठिपके

तळापासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेघ मारा. बॉलपेन नको, त्याची शाई द्रावकाबरोबर पळते आणि तुमच्या हळदीत निळं द्रव्य सापडल्याचा आनंद होतो. रेघेवर १, २, ३ आणि ४ सेंटिमीटरला बारीक खुणा करा. रेघ मारताना सिलिका खरवडली जाणार नाही एवढाच जोर द्या. प्लेट कडेने धरा, बोटांचं तेल अतिनील दिव्याखाली स्पष्ट दिसतं.

चार खुणांवर चार वाटा: पहिलीवर स्टँडर्ड, दुसरीवर खात्रीचं हळकुंड, तिसरीवर दुकानातली पूड, आणि चौथीवर स्टँडर्ड व पूड दोन्ही एकावर एक. ही चौथी वाट लोक आळसाने गाळतात, पण वादाचा निकाल तीच लावते. दोन शेजारच्या वाटांमधले ठिपके 'साधारण एका उंचीवर' असणं वेगळं आणि दोन्ही मिसळल्यावर एकच गोल ठिपका मिळणं वेगळं.

ठिपका २-३ मिलिमीटरपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. केशनळी अर्कात टेकवली की अर्क आपोआप चढतो. मग ती प्लेटला उभी, क्षणभर टेकवायची आणि उचलायची. दाबायची नाही, दाबलं की सिलिकात खड्डा पडतो. जास्त माल हवा असेल तर आधीचा ठिपका वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा टेकवा. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर ठेवा. हात बसेपर्यंत कोऱ्या फिल्टर पेपरवर सराव करावा. कागद स्वस्त असतो, प्लेट नाही. प्रत्येक नमुन्याला नवी केशनळी घ्या.

द्रावक आणि बरणी

१९ मिली क्लोरोफॉर्म आणि १ मिली मेथनॉल, वर दोन-तीन थेंब ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. ॲसिडचं काम ठिपक्यांची शेपटी आवरायचं. कुर्क्युमिनच्या रेणूतले फिनॉलचे गट सिलिकाला चिकटत-सुटत जातात, त्यामुळे ठिपका मागे ओढला जातो.

बरणीच्या आतल्या भिंतीला फिल्टर पेपर लावा, मिश्रण ओता, कागद भिजवा, झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. बरणीतली हवा वाफेने भरली नाही तर प्लेटच्या कडांवरून द्रावक सतत उडत राहतं आणि कडेच्या वाटांवरचे ठिपके मधल्यांपेक्षा वर चढतात. एकच नमुना चारही वाटांवर लावून कधी पाहा, ठिपक्यांची रांग हसऱ्या ओठांसारखी वाकलेली दिसली तर बरणी तयार नव्हती असं समजा.

द्रावकाची पातळी ठिपक्यांच्या रेघेच्या खाली हवी, साधारण ४-५ मिलिमीटर. रेघ बुडाली तर ठिपके वर चढण्याऐवजी खाली द्रावकात विरघळतात. प्लेट चिमट्याने एका झटक्यात, सरळ ठेवा आणि झाकण लावा. त्यानंतर बरणी हलवायची नाही, 'कुठवर आलं' म्हणून झाकण उघडायचं नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत द्रावक वरच्या टोकापासून सेंटिमीटरभर अंतरावर येतं. तेव्हा प्लेट काढा आणि काढता क्षणी द्रावक पोचलं तिथे पेन्सिलीने रेघ मारा. क्लोरोफॉर्म काही सेकंदांत उडून जातो, मग ती रेघ अंदाजाने मारावी लागते आणि पुढचं सगळं गणित अंदाजाचं होतं.

काय दिसतं

प्लेट बरणीत असतानाच मजा सुरू होते. एक पिवळा ठिपका वर सरकता सरकता दोन होतो, मग तीन. सगळ्यात वरचा कुर्क्युमिन, मधला डेमेथॉक्सिकुर्क्युमिन, खालचा बिसडेमेथॉक्सिकुर्क्युमिन. नावं लांब आहेत, पण क्रम पाठ करायची गरज नाही. कुर्क्युमिनच्या दोन्ही टोकांच्या कड्यांवर प्रत्येकी एक मेथॉक्सी गट असतो, शेजारच्या हायड्रॉक्सिलला लागून. तो हायड्रॉक्सिल आतल्या आत त्यात गुंतलेला असतो, सिलिकाला धरायला फारसा मोकळा नसतो. मधल्या द्रव्यात एक मेथॉक्सी गट कमी, खालच्यात दोन्ही नाहीत. जितके हायड्रॉक्सिल मोकळे, तितकी सिलिकावर पकड घट्ट आणि ठिपका तितका खाली.

आता पहिली वाट नीट बघा. 'शुद्ध' कुर्क्युमिनचे बहुधा तीनच ठिपके दिसतील. बाटली बनावट नाही. बाजारात कुर्क्युमिन म्हणून मिळणारी पावडर बहुतेक वेळा हळदीतूनच काढलेली असते. तिच्यात साधारण तीन-चतुर्थांश कुर्क्युमिन आणि बाकी त्याची ही दोन भावंडं असतात. एकटं कुर्क्युमिन हवं असेल तर बाटलीवरची शुद्धता वाचून, बरेच जास्त पैसे मोजून घ्यावं लागतं. ओळख पटवण्यासाठी मिश्रण चालतं. उलट सोयीचंच पडतं.

मग प्लेट अतिनील दिव्याखाली न्या, कॅबिनेटच्या काचेतूनच बघा. २५४ला हिरव्या पार्श्वभूमीवर काळपट ठिपके दिसतील आणि वर, द्रावकाच्या रेघेजवळ, साध्या डोळ्यांना न दिसलेले काही ठिपकेही. ती हळदीच्या सुगंधी तेलातली द्रव्यं. ३६६ला कुर्क्युमिनॉइड पिवळसर-हिरवे चकाकतात. दोन्ही ठिकाणी फोटो काढा आणि ठिपक्यांभोवती पेन्सिलीने गोल करा.

तेलातली द्रव्यं नीट बघायची तर ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक फवारा लागतो: ०.५ मिली ॲनिसाल्डिहाइड, १० मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ८५ मिली मेथनॉल आणि शेवटी, थंड करत करत, ५ मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, याच क्रमाने. फवारून १०५ अंशांना पाच-दहा मिनिटं तापवा. द्रावण लालसर झालं असेल तर ते जुनं झालं, फेकून नवं करा.

एक फुकटचा प्रयोग: न फवारलेली दुसरी प्लेट अमोनियाच्या उघड्या बाटलीवर क्षणभर धरा. पिवळे ठिपके लालसर तपकिरी होतात आणि हवेत ठेवले की परत पिवळे. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागचं रसायन हेच.

आरएफ

ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर म्हणजे आरएफ. दोन्ही अंतरं पेन्सिलीच्या खालच्या रेघेपासून मोजायची, प्लेटच्या कडेपासून नव्हे. ठिपक्याचा मध्य धरायचा. समजा द्रावक ८.० सेंटिमीटर चढलं आणि ठिपके ५.२, ३.६ आणि २.४वर आहेत, तर आरएफ ०.६५, ०.४५ आणि ०.३०.

या आकड्यांची फार भक्ती करू नका. छापील आरएफ आणि तुमचा आरएफ जुळला नाही म्हणून रात्र जागवणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून कंपन्या त्यात थोडं इथेनॉल घालतात, कुणी जास्त, कुणी कमी, आणि तेवढ्यानेही ठिपके हलतात. हवेचा परिणाम तर विचारूच नका. जुलैत रत्नागिरीत सिलिका हवेतलं पाणी पिऊन सुस्तावलेली असते, तिची पकड सुटते, ठिपके वर जातात. मे महिन्यात नागपुरात तीच प्लेट, तेच द्रावक, पण ठिपके खाली. पावसाळ्यात प्लेट वापरण्यापूर्वी १०५-११० अंशांना अर्धा तास तापवावी आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करावी. तरीही खरा पुरावा एकच: त्याच प्लेटवरची स्टँडर्डची वाट आणि ती चौथी, मिश्र वाट. अहवालात आरएफ लिहा, पण सोबत प्लेटचा फोटो, द्रावकाचं प्रमाण आणि तापमान नसेल तर त्या आकड्याला कुणी विचारणार नाही.

पुडीबद्दल काय बोलता येतं

दुकानातल्या पुडीच्या वाटेवर तीन ठिपके हळकुंडासारखेच आले, तर ती हळद आहे एवढं म्हणता येतं. सगळ्यात खालचा ठिपका जवळपास गायब असेल तर जावा हळदीसारखी दुसरी जात मिसळल्याचा संशय घ्यावा, तिच्यात बिसडेमेथॉक्सिकुर्क्युमिन नसल्यातच जमा असतं. खालच्या रेघेवरच एक घट्ट पिवळा ठिपका हलायला तयार नसेल, तर मेटॅनिल यलो या भेसळीच्या कृत्रिम रंगाचा विचार करा. तो पाण्यात विरघळणारा, क्षारासारखा रंग आहे, या द्रावकात जवळपास जागचा हलत नाही. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला तर जांभळट गुलाबी होतो. मात्र वनस्पतीतलीही काही द्रव्यं रेघेवर अडकून राहतात, म्हणून मेटॅनिल यलोची स्वतंत्र वाट चालवल्याशिवाय दुकानदारावर आळ घेऊ नका.

आणि लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा क्षार? हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून वापरलं जाणारं हे सगळ्यात घातक द्रव्य मेथनॉलमध्ये विरघळतच नाही. ते फिल्टर पेपरवर गाळात बसतं आणि तुमची प्लेट स्वच्छ दिसते. त्यामुळे टीएलसी चांगली आली म्हणजे पूड खायला निर्धोक, असं कधीही लिहू नका. त्यासाठी शिशाची वेगळी तपासणी लागते.

किती टक्के कुर्क्युमिन, हेही ठिपक्याच्या आकारावरून सांगायचं नाही. त्यासाठी एचपीटीएलसी ही टीएलसीची यांत्रिक, जास्त काटेकोर पद्धत आहे, जिथे यंत्र मोजून पट्टी लावतं आणि डेन्सिटोमीटर तिची तीव्रता वाचतो.

मग अडुळसा

हळद दोन-तीनदा नीट आली की अडुळशाची पानं घ्या. यातलं मुख्य द्रव्य व्हॅसिसिन, हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त द्रव्य आहे. सिलिका किंचित आम्लधर्मी, अल्कलॉइड आम्लारी, त्यामुळे ते तिला घट्ट चिकटतात आणि लांब शेपट्या सोडतात. हळदीला ॲसिडचे थेंब घातले, इथे उलट अमोनिया घालायचा: इथाइल ॲसिटेट, मेथनॉल आणि अमोनिया, ८ : २ : ०.२. अमोनिया पटकन उडतो, म्हणून हे मिश्रण दर वेळी ताजं करा आणि बाटली उघडी ठेवू नका.

पानं सावलीत वाळवून पूड करा, १ ग्रॅम पूड थोड्या अमोनियाने ओलसर करा आणि मग मेथनॉलमध्ये अर्क काढा. व्हॅसिसिन हवेत राहून व्हॅसिसिनोनमध्ये बदलत जातं, तेव्हा आज काढलेला अर्क आजच चालवा. प्लेटवर हिरवा पट्टा वर धावताना दिसेल, तो क्लोरोफिलचा, त्याकडे लक्ष देऊ नका. प्लेट पूर्ण वाळवून, अमोनियाचा वास गेल्यावर तिच्यावर ड्रॅगनडॉर्फ हे अल्कलॉइडांना रंग देणारं द्रावण फवारा, पिवळसर पार्श्वभूमीवर नारिंगी ठिपका उमटेल. रंग फिका पडायच्या आत फोटो घ्या. ड्रॅगनडॉर्फ काही वेळा अल्कलॉइड नसलेल्या द्रव्यांनाही रंग देतो, म्हणून इथेही व्हॅसिसिनचं स्टँडर्ड शेजारच्या वाटेवर हवंच. फवाऱ्यात बिस्मथचा क्षार असतो, त्यामुळे हातमोजे घाला, हूडमध्ये फवारा आणि उरलेलं धातूंच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका.